शांत चालींचा सराव : बुद्धिबळाच्या मध्यपर्वावरील (डावाच्या मधल्या टप्प्यावरील) एका ऑनलाइन अभ्यासक्रमाविषयी

बुद्धिबळाची कोडी देणारी ॲप्स भरपूर आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांचा भर शह, मारामारी (एकमेकांचे मोहरे मारणे) आणि दोन-तीन चालींतली मात यांवरच असतो. प्रत्यक्ष डावात मात्र बराच वेळ अशा स्थितीत जातो, जिथे मारण्याजोगे काही नसते, शह देऊन काही साधत नाही आणि तरीही चाल करावीच लागते. नेमक्या अशा स्थितींवर बेतलेला एक सशुल्क ऑनलाइन अभ्यासक्रम मी गेले चार महिने वापरत आहे.

त्याची पद्धत साधी आहे. पटावर स्थिती आली की चाल करण्याआधी तीन गोष्टी लिहाव्या लागतात : प्रतिस्पर्ध्याला पुढे काय करायचे आहे, आपला सर्वांत निकामी मोहरा कोणता, आणि कोणती मारामारी आपल्याला हवी आहे व कोणती टाळायची आहे. हे लिहिल्याखेरीज मोहरा जागचा हलत नाही. पहिले दोन आठवडे या सक्तीचा मला अक्षरशः राग येत असे. नंतर लक्षात आले की, माझ्या चुकीच्या उत्तरांपैकी बहुतेक उत्तरे पहिल्याच प्रश्नाशी चुकत होती. मी माझ्या योजनेत इतका गुंतलेला असे की समोरच्याची योजना पाहतच नसे.

कार्पोव्ह (पांढरी मोहरी) विरुद्ध उन्झिकर, नीस बुद्धिबळ ऑलिंपियाड, १९७४, या गाजलेल्या खेळाडूंच्या डावावरील धडा हा या अभ्यासक्रमाचा सर्वोत्तम भाग आहे. पांढऱ्याच्या तेविसाव्या चालीनंतर व काळ्याच्या उत्तरानंतर ए पट्टी (पटावरच्या घरांची पहिली उभी रांग; उभ्या रांगांना ए ते एच ही अक्षरे आणि आडव्यांना १ ते ८ हे आकडे असतात) मोकळी आहे, ए-२ आणि ए-८ वर दोन्ही बाजूंचे हत्ती समोरासमोर उभे आहेत आणि पांढऱ्याला ती पट्टी हवी आहे. मी सरळ ए-८ वर मारामारी केली. काळ्याने दुसऱ्या हत्तीने परत मारले आणि पट्टी त्याच्याच ताब्यात गेली, कारण माझा उंट बी-१ वर असल्याने माझा उरलेला हत्ती ए-१ वर येऊच शकत नव्हता. दुसऱ्या प्रयत्नात मी त्या हत्तीला वाट देण्यासाठी उंट सी-२ वर घेतला. त्यामुळे ए-२ वरच्या हत्तीला असलेला बी-१ वरच्या उंटाचा आधार गेला, डी-२ वरच्या वजिराचाही मार्ग अडला आणि हत्ती फुकट गेला. कार्पोव्हने २४ व्या चालीत दुसरा उंट ई-३ वरून थेट ए-७ वर नेऊन ठेवला. त्या उंटाने पट्टीच बंद केली, त्यामुळे काळ्याला हत्तींची मारामारी करता येईना आणि पांढऱ्याने त्या आडोशामागे सी-२ ची तीच चाल निर्धास्तपणे करून दुसरा हत्ती ए-१ वर आणला. जी चाल एका क्षणी हत्ती गमावते, तीच पुढच्या चालीत योग्य ठरते, हे या धड्यात दोनदा चुकल्यामुळे जसे कळले तसे नुसते वाचून कळले नसते.

रेशेव्हस्की विरुद्ध पेट्रोशियन (काळी मोहरी), झुरिक, १९५३, हा डावही असाच विस्ताराने घेतला आहे. काळ्याचा हत्ती ई-६ वर जाऊन स्वतःला उंटाच्या माऱ्यात ठेवतो, त्यामुळे मोकळ्या झालेल्या ई-७ वरून घोडा डी-५ वर पोहोचतो आणि तिथून पांढऱ्याची केंद्रातली प्यादी जागीच थोपवतो. हा डाव बरोबरीत सुटला, हेही धड्यात स्पष्ट सांगितले आहे, आणि मला ते विशेष आवडले, कारण हत्तीचा असा त्याग जिंकण्यासाठी नव्हे तर अडचणीतून सावरण्यासाठीही असू शकतो.

सुट्या (शेजारच्या पट्ट्यांवर आपले प्यादे नसलेल्या) प्याद्यांवरचे प्रकरण ठीक आहे. त्यात नवे फारसे नाही.

तक्रारी दोन आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिली म्हणजे, प्रत्येक स्थितीला एकच उत्तर बरोबर धरले जाते. एकदा मी घोडा एफ-१ मार्गे जी-३ वर नेण्याची योजना सकारण लिहिली; अपेक्षित चाल त्याआधी एच पट्टीवरचे प्यादे एक घर सरकवण्याची होती. इंजिनच्या (चालींचे मोल ठरवणाऱ्या संगणक-प्रणालीच्या) मूल्यमापनात दोन्ही चालींत नावालाही फरक नव्हता, तरीही गुण शून्य. संथ स्थितीत चालींचा क्रम मागेपुढे झाला तरी चालतो, ही गोष्ट शिकवणाऱ्यानेच विसरावी याचे नवल वाटते.

दुसरी तक्रार विषयशीर्षकांविषयी आहे. स्थितीच्या वर ‘घोड्यासाठी भक्कम ठाणे’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असेल, तर सोडवणारा घोड्याशिवाय दुसरीकडे कशाला पाहील? डावात कोणी असे कानात सांगत नाही. शीर्षके लपवण्याची सोय सेटिंग्जमध्ये नाही. स्पष्टीकरणांची भाषा मात्र नेमकी आहे आणि पटाची मांडणी डोळ्यांना त्रास देत नाही.

ज्यांना मारामारीचे हिशेब जमतात पण शांत स्थितीत काय करावे ते सुचत नाही, त्यांच्यासाठी हा अभ्यासक्रम पैसे वसूल करणारा आहे. नवशिक्याने तो एवढ्यात घेऊ नये, कारण मोहरा फुकट जातो आहे हे ज्याला दिसत नाही, त्याला ए-७ वरच्या उंटाचे महत्त्व कळणार नाही. मी पुढच्या वर्षाची वर्गणी भरली आहे आणि शीर्षक झाकण्यासाठी पडद्याच्या वरच्या कडेवर कागद चिकटवून कोडी सोडवतो.