पावसाळ्यात कपाट कोरडं ठेवायला काय आणायचं: सिलिका जेल, कॅल्शियम क्लोराइड, कोळसा की मॉलिक्युलर सिव्ह

मृग लागायच्या आधी आमच्या गुहागरात घरोघरी एकच धांदल, लाकडं भरा, पापड-आमसुलं डब्यात घाला, आणि त्याच गडबडीत यंदा वहिनींनी विचारलं की पैठणी, जमिनीचे जुने कागद आणि लेकाचा कॅमेरा, या तिघांसाठी ओल शोषणारं काय घेऊ, दुकानात तर चार प्रकार दिसतात. माझ्या स्वतःच्या लेन्समध्ये मागे बुरशीने जाळी धरली होती आणि ती पुसून निघाली नाही, त्यामुळे हा विषय मला फार जवळचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी थोडं आतलं सांगते, कारण ते कळलं की निवड सोपी होते. हवेतले रेणू प्रत्येक पृष्ठभागावर सतत आदळत असतात, एका चौरस सेंटीमीटरवर दर सेकंदाला साधारण ३ वर २३ शून्यं इतके. बरेचसे क्षणभर टेकून परत जातात, पण पाण्याच्या रेणूला धरून ठेवणारी जागा मिळाली की तो रेंगाळतो. असं वरवर चिकटून राहणं म्हणजे अधिशोषण, आणि पाणी आत मुरून पदार्थाचंच रूप बदलणं म्हणजे शोषण. अधिशोषणात पकड बहुतेक वेळा हलकी असते, तापवलं की रेणू सुटतात आणि माल परत वापरता येतो. जागा मात्र मोजक्या, त्या भरल्या की काम थांबलं. अमेरिकेचे रसायनशास्त्रज्ञ आयर्व्हिंग लँगम्यूर यांनी ह्या जागा कशा भरतात ते गणितात मांडलं आणि १९३२ साली त्यांना नोबेल मिळालं ते पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठीच.

सिलिका जेल म्हणजे बुटाच्या खोक्यातल्या पुडीतले ते काचेसारखे मणी. एका ग्रॅममध्ये आतल्या बारीक भोकांचा मिळून ७०० चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो, म्हणजे चिमूटभर मण्यांत आमच्या अख्ख्या अंगणापेक्षा जास्त जागा. खूप दमट हवेत ते स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं किंवा थोडं जास्तच पाणी धरतात. ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास दोन-तीन तास ठेवले की परत तयार. निळे मणी ओलावले की गुलाबी होतात, पण त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते तब्येतीला चांगलं नाही, त्यामुळे घरात लहान मुलं असतील तर नारिंगी घ्या. खायच्या वस्तूंत सुटे मणी कुठलेच टाकू नका.

पण लोक चुकतात ते इथे. ३० अंशांना, आमच्याकडच्या ८५ टक्के दमटपणात, एक घनमीटर हवेत साधारण २६ ग्रॅम पाण्याची वाफ असते. २० लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्यात म्हणजे अर्धा ग्रॅमच, ते दोन-तीन ग्रॅम मणी सहज ओढून घेतात, कपड्या-कागदांत आधीच मुरलेली ओल मात्र त्याच्या कितीतरी पट असते म्हणून डब्याला १००-१५० ग्रॅम घालायचे. उघड्या लाकडी कपाटात मात्र फटींतून नवी हवा येतच राहते, तिथे चार पुड्या टाकणं म्हणजे विहीर वाटीने उपसणं. दोन दिवसांत मणी भरतात आणि आपण म्हणतो माल खोटा निघाला.

म्हणून उघड्या कपाटाला कॅल्शियम क्लोराइडच्या टांगायच्या पिशव्या. हे मीठ पाणी शोषून स्वतःच विरघळतं, खालच्या कप्प्यात पाणी साठलेलं दिसतं, आणि दमट हवेत ते स्वतःच्या वजनापेक्षा जास्त पाणी ओढतं. ताकदीत हे चौघांत पुढे आहे, पण एकदा संपलं की फेकायचं, आणि ते साठलेलं पाणी रेशमावर किंवा चामड्यावर सांडलं तर डाग पक्का, लोखंड तर गंजतंच. माझं मत स्पष्ट आहे, कपड्यांच्या कपाटात तळाशी कोपऱ्यात टांगा आणि दर आठवड्याला बघा, पैठणीच्या वर कधीच नाही.

कोळसा वेगळ्या कामाचा. चुलीतला साधा कोळसा इथे फारसा उपयोगाचा नाही, वाफेत प्रचंड तापवून भोकं पाडलेला ॲक्टिव्हेटेड लागतो, आणि आपल्या नारळाच्या करवंट्यांपासूनच तो फार चांगला बनतो कारण त्याची भोकं बारीक असतात, वायू पकडायला नेमकी तशीच लागतात. पण त्याचा पृष्ठभाग पाण्यापेक्षा वासाच्या, तेलकट रेणूंना जास्त धरतो. कुबट वास घालवायला उत्तम, ओल घालवायला नको. पैठणीची जरतार खरी चांदीची असेल तर ती काळी पडते ते हवेतल्या गंधकाच्या वायूमुळे, तिथे गंधक चांदीशी रासायनिक बंधच करतं, मग ऊब देऊन सुटत नाही. त्यामुळे साडीशेजारी रबरबँड ठेवू नका, आणि सिलिकाबरोबर ॲक्टिव्हेटेड कोळशाची एक पुडी असलेली बरी.

मॉलिक्युलर सिव्ह हे झिओलाइट, म्हणजे चाळणीसारखं सच्छिद्र खनिज, भोकं ३ किंवा ४ अँगस्ट्रॉमची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग), एकसारखी. ३ वाल्यात पाण्याचा रेणू शिरतो, नायट्रोजन-ऑक्सिजन बाहेरच राहतात. हवा अगदी कोरडी असतानाही ते पाणी सोडत नाही, वजनाच्या साधारण २० टक्के, आणि परत तयार करायला २०० अंशांच्या वर तापवावं लागतं, जे घरच्या कढईत नीट जमत नाही. कोविडमधल्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमध्ये हवेतला नायट्रोजन धरून ठेवणारं, याहून मोठ्या भोकांचं झिओलाइटच होतं. नाशिक-पुण्याकडच्या काळ्या बसाल्टमध्ये नैसर्गिक झिओलाइटचे सुंदर स्फटिक सापडतात, हे किती जणांना माहीत असतं कोण जाणे. पण रेशीम आणि जुना कागद फार सुकला की कडक होऊन तुटतो, म्हणून घरासाठी हे मी सुचवत नाही.

वहिनींना सांगितलं ते असं. कॅमेरा आणि कागद वेगवेगळ्या रबरी कडेच्या घट्ट डब्यांत, आत नारिंगी सिलिका आणि दोनशे-तीनशेला मिळणारा छोटा आर्द्रता मीटर, काटा ४५-५० च्या आसपास राहू दे, ६० च्या वर गेला की मणी तापवायचे. पैठणी सुती फडक्यात गुंडाळून तिसऱ्या डब्यात, सिलिकाची पुडी कापडी पिशवीत शिवून. सगळं भरायचं ते मे महिन्यातल्या कडक उन्हाच्या दुपारी, कपडे-कागद सावलीत चांगले वाळवून, कारण सादळलेली वस्तू आत गेली तर मणी पहिले आठ दिवस तिलाच पुसत बसतील. आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर मणी आधी मोजून आकडा झाकणावर लिहा, १०० चे १२० झाले की समजायचं आता ओव्हन लावायची वेळ झाली, रंगाची वाट बघायची गरजच नाही.