घरी येऊन गिळायला शिकवणारी थेरपी : घ्या, पण पॅकेजचे पैसे आधी भरू नका

घशाच्या कॅन्सरची रोबोटिक सर्जरी झाल्यावर घरी येणारी स्वॅलो थेरपी आम्ही बाबांसाठी लावली, त्याचा हा रिव्ह्यू. जिभेच्या मुळाशी गाठ होती, दा व्हिन्ची रोबोटने तोंडातूनच काढली, सोबत मानेतल्या गाठीपण. जबडा कापला नाही म्हणून नातेवाईक फोनवर "मग काय, सोपंच की" म्हणून मोकळे. पण आतली जखम बऱ्याचदा टाके न घालता उघडीच ठेवतात आणि पहिल्या आठवड्याच्या शेवटी ती पांढरी-पिवळी खपली सुटायला लागली की दुखणं कमी व्हायचं सोडून उलट वाढतं. त्यात कान ठणकतोय म्हणून बाबा हैराण, कानात तर काहीच नव्हतं, घशाच्या नसेतूनच ती कळ कानात जाते म्हणे.

लालबागला आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. थेरपिस्ट मॅडम जिने चढून धापा टाकत आल्या आणि पहिला प्रश्न, "काकांना पेनकिलर कधी देता?" आई म्हणाली, दुखलं की देतो. त्यांनी तिथूनच सर्जनच्या टीमला फोन लावला आणि वेळा ठरवून घेतल्या, लिक्विड पॅरासिटामॉल घड्याळ लावून आणि जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी. तोवर बाबा घास बघूनच तोंड फिरवायचे, आणि दुखतं म्हणून गिळलंच नाही की गिळायचे स्नायू अजून ढिले पडतात. माझ्या मते पैसे इथेच वसूल झाले.

दुसरं आवडलं ते सिरिंजचं. पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून हॉस्पिटलमध्ये "थोडं घट्ट द्या" एवढंच सांगितलेलं, आता थोडं म्हणजे किती? यांनी 10 मिलीची सिरिंज काढली (कुठलीही चालत नाही, 0 ते 10 मिलीच्या खुणांची पट्टी 61.5 मिलीमीटर लांब लागते), दांडा काढून खाली बोट धरलं, ताक भरलं, बोट सोडून मोबाईलवर 10 सेकंद मोजले. आईचं ताक सगळं खाली! मग घट्ट करणारी झँथन गमची पावडर घालून पुन्हा, 4 ते 8 मिली उरलं की घट्टपणाच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर (IDDSI) लेव्हल 2, बाबांना तेच. आता आई सिरिंज घेऊन पेज नि मुगाचं कढणसुद्धा मोजते, कोणाचं ऐकत नाही.

व्यायाम पण सर्जनने हो म्हटल्यावरच सुरू केले. एकात जिभेचं टोक दातात धरून आवंढा गिळायचा, हा नुसत्या थुंकीवरच, खाताना अजिबात नाही.

आता वैताग. पॅकेजचे पैसे आधीच घेतले, मग मध्येच दुसरीच मुलगी पाठवली जिने फाईल उघडलीसुद्धा नव्हती. डाएट चार्टमध्ये ब्रोकोली सूप आणि अ‍ॅव्होकाडो, आईने तो ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये अंथरला. इन्शुरन्ससाठी पक्की पावती मागून मागून मिळाली. आणि थुंकीत ताजं रक्त दिसलं तर काय करायचं हे त्यांनी आपणहून सांगितलंच नाही, डिस्चार्जच्या वेळी नर्सने सांगितलेलं म्हणून बरं : थोडं असलं तरी सरळ कॅज्युअल्टी गाठायची.

ज्यांना घरची व्हिजिट परवडत नाही त्यांनी हॉस्पिटलच्याच स्पीच-स्वॅलो ओपीडीत नंबर लावा आणि FEES (फीस) नावाच्या गिळण्याच्या टेस्टचं विचारा. नाकातून बारीक कॅमेरा घालून बघतात, कारण खोकला न येताही पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, बाहेरून कळत नाही. पाचपैकी साडेतीन स्टार, त्यातले तीन त्या पहिल्या मॅडमचे.