वर्षभर उभी असलेली गाडी: जम्पर लावावा, मेकॅनिक बोलवावा की उचलून न्यावी?

दादा दोह्याला गेला तेव्हा गाडीची चावी माझ्याकडे आली, "आठवड्यातून एकदा फिरवून आण रे" या सूचनेसकट. दोन महिने मी ती इमानेइतबारे पाळली. पुढचे तेरा महिने ती पेट्रोल हॅचबॅक ठाण्यात, कासारवडवलीतल्या आमच्या बेसमेंटमध्ये धूळ खात उभी राहिली. गणपतीला दादा येणार हे कळल्यावर माझी धांदल उडाली.

वॉचमनपासून वहिनीपर्यंत सगळ्यांचं एकच मत पडलं: जम्पर लावा, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वायरीने करंट द्या, होईल चालू. गाडी दोन-तीन महिनेच उभी असेल तर हा सल्ला चुकीचा नाही. गाडी बंद असली तरी अलार्म, घड्याळ, सेंट्रल लॉक थोडा थोडा करंट खातच असतात. ५० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर, म्हणजे छोट्या गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी महिन्याभरात रिकामी. मल्टिमीटर असेल तर आधी तो लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२ च्या आसपास म्हणजे जवळपास संपलेली. जम्परची लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. काढताना बरोबर उलटा क्रम.

पण माझ्या मते जम्परपेक्षा चार्जर बरा. इंजिन चालू असताना अल्टरनेटर बॅटरी भरत असतो, पण पूर्ण उतरलेली बॅटरी भरणं हे त्याचं काम नाही, त्याच्यावर नाहक ताण येतो. अडचण एवढीच की बेसमेंटमध्ये प्लग पॉइंट नसतो. मग मायनसची वायर आधी काढून ती नऊ-दहा किलोची बॅटरी लिफ्टने वर न्यायची आणि हवेशीर बाल्कनीत रात्रभर सावकाश चार्ज करायची. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, त्यामुळे देवघराजवळ ठेवू नका. महिनोन् महिने शून्यावर पडून राहिलेली बॅटरी मात्र बहुधा गेलेलीच असते. तिथे चार्जरही हात टेकतो.

(धक्का मारून दुसऱ्या गिअरवर सोडा म्हणणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर पेट्रोलचा पंप आणि कॉम्प्युटर चालणार कशावर? ऑटोमॅटिकचा तर प्रश्नच नाही.)

सहा महिन्यांच्या पुढे बॅटरी ही सगळ्यात सोपी गोष्ट उरते. मी जम्पर आणायच्या आधी सहज बोनेट उघडलं आणि एअर फिल्टरच्या डब्यात कापूस, पिशव्यांचे तुकडे आणि एक उंदराचं आख्खं बाळंतपण सापडलं. एका सेन्सरची वायर कुरतडलेली. तसाच सेल्फ मारला असता तर काय झालं असतं, याचा विचार नको. म्हणून मी मेकॅनिकला घरी बोलावलं आणि वर्षाच्या आतबाहेरच्या गाडीला तेच करावं असं सांगेन.

मात्र त्याच्यावर सगळं सोपवू नका. गाडी चालू झाली की त्याचं काम झालं, अशी त्याची समजूत असू शकते. इतके दिवस उभ्या गाडीत ऑइल सिलिंडरवरून आणि बेअरिंगांवरून निथळून खाली बसलेलं असतं, त्यामुळे पहिले काही सेकंद इंजिन जवळजवळ कोरडं फिरतं. डिपस्टिक काढून ऑइलची पातळी बघा. मग पेट्रोल बंद ठेवून पाच-पाच सेकंद दोन-तीनदा सेल्फ मारायला सांगा. पुष्कळ इंजेक्शन गाड्यांत ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला की पेट्रोल जात नाही, तशी सोय नसेल तर पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढायचा. एवढं झालं की मगच खरं स्टार्ट.

फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा सपाट ट्रक, कधी? टाकी भरलेली ठेवून गाडी दीड-दोन वर्षं उभी असेल तर. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि खाडीकाठच्या ठाण्याच्या पावसाळ्यात पाण्याला काय तोटा! तसं पेट्रोल उपसावंच लागतं आणि ते बेसमेंटमध्ये उपसू देऊ नका, आग लागायची. विमा संपला असेल तरी गाडी रस्त्यावर चालवत न्यायची सोय नाही. (तो संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनसही जातो.)

पण बोलवायच्या आधी रॅम्प बघून या. फ्लॅटबेड बेसमेंटमध्ये शिरतच नाही. म्हणजे गाडी ढकलत वर आणायची, तीही इंजिन बंद, ब्रेक दगडासारखे कडक. हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर मागची चाकं जाम झालेली असू शकतात. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर तो बॅटरीशिवाय सहसा सुटत नाही. एकूण काय, फ्लॅटबेड ठरवला तरी मेकॅनिक आधी लागतोच.

आमच्या गाडीला नवी बॅटरी, वायरची जोडणी, ऑइल, एअर फिल्टर लागला. टाकीत पाव भागच पेट्रोल होतं, त्यात ताजं भरलं. सुदैवाने विमा आणि पीयूसी दादाने ऑनलाइन भरून ठेवली होती, म्हणजे विमा तरी. पीयूसी मी काढली. टायरांत हवा भरून पहिल्या फेऱ्या आवारातच मारल्या, कारण डिस्कवरचा गंज खरवडून जाईपर्यंत ब्रेक खरखरत होते. घोडबंदर रोडवर काढली ती रविवारी सकाळी सहाला. गायमुखच्या चढावर बंद पडलीच असती, तर निदान मागे रांग लागली नसती.