खरखरीत अक्षरांचा मराठी संच, एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, शिकण्यातली अडचण) असलेल्या मुलासाठी घ्यावा का?

साडेतीन स्टार देतेय. दीड कुठे कापले ते सांगतेच, पण आधी एक, बॉक्सवर "डिस्लेक्सिया बरा करा" असं छापलंय ते वाचून कोणी घेत असेल तर घेऊ नका. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनात अडवणारी एलडी, काय ताप आहे का उतरायला? मूल वाचायला शिकतं, नीट शिकवलं तर चांगलं शिकतं, फक्त हळू आणि वेगळ्या पद्धतीने, आणि तेवढ्यासाठी मात्र हा संच खरंच कामाचा आहे.

माझा मुलगा तिसरीत, मराठी मीडियम. टेस्टिंग झालंय, रेमेडियलला, म्हणजे अशा मुलांच्या खास शिकवणीला जातो, तिथल्या टीचरनीच सांगितलं की घरी खरखरीत अक्षरं असू द्या, म्हणून मागवला, 1,400च्या आसपास पडला. (टेस्टिंग व्हायचं असेल तर मूल ज्या भाषेत शिकतं त्या भाषेत करून मागा हं, मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने 2015 मध्ये डाली नावाची टेस्ट आणली ती मराठीतही आहे. मराठी शाळेतल्या पोराला इंग्रजी स्पेलिंगं विचारून एलडी ठरवणं हा काय प्रकार आहे मला कळत नाही.)

तर आत काय आहे, लाकडी पाट्या, त्यावर पॉलिश पेपरची अक्षरं चिकटवलेली, स्वर निळ्यावर आणि व्यंजनं गुलाबीवर, मॉन्टेसरीच्या शाळांत असतात तशीच. मुलाने दोन बोटांनी अक्षर गिरवायचं आणि गिरवता गिरवता त्याचा आवाज काढायचा. क कमळाचा वगैरे नाही, नुसता क. डोळा, कान, बोट तिन्ही एकदम कामाला लावायची ही पद्धत जुनीच आहे, अमेरिकेत डॉ. ऑर्टन आणि शिक्षिका गिलिंगहॅम यांनी 1930च्या दशकात अशाच मुलांसाठी बसवलेली, रेमेडियलवाले आजही तिच्यावरच चालतात.

मला सगळ्यात आवडलं ते मात्रांचं. काना, वेलांट्या, उकार सगळे पारदर्शक प्लास्टिकच्या पट्ट्यांवर दिलेत, पाटीवर ठेवायचे आणि उचलायचे. आता आमच्याकडे काय व्हायचं, बाराखडी पोराला कडकडीत पाठ, क का कि की एका दमात म्हणून दाखवणार, आलेगेले खूश, पण मधलाच एक "की" कागदावर काढून दाखवला की गप्प. किंवा मनातल्या मनात क पासून सुरू करून तिथपर्यंत यायचा. म्हणजे ते वाचन नव्हतंच, गाणं होतं. पट्ट्यांमुळे ती चाल मोडते, क वर ऊकार ठेव, आता काढ, आता मात्रा ठेव, काय झालं? कू, क, के. गाण्याचा उपयोगच नाही.

आणि पहिली वेलांटी! कागदावर ती अक्षराच्या आधी दिसते आणि बोलताना नंतर येते, आपल्याला सवय झाली म्हणून जाणवत नाही, पण डावीकडून एकेक चिन्ह लावत वाचणाऱ्या पोराचा तिथे पार गोंधळ होतो. टीचरनी युक्ती दिली ती अशी की आधी क ची पाटी ठेवायची, क म्हणायचं, मग वेलांटीची पट्टी डावीकडून सरकवत आणायची आणि ती टेकली की "कि". हात डावीकडे जातो पण आवाजाचा क्रम हलत नाही. छापील पुस्तकात हे करताच येत नाही ना.

दुसरं म्हणजे सोबतच्या पुस्तिकेत अक्षरांचा क्रम शहाणपणाने लावलाय. शाळेत ग म भ न ने सुरुवात होते, सारखी वळणं एकत्र, हात वळवायला ते बरोबरच आहे, पण ज्याला भ आणि म मध्ये फरकच सापडत नाही त्याच्यासमोर दोन्ही एकाच आठवड्यात आणले की संपलंच. इथे म आधी येतो आणि भ खूप नंतर, घ आणि ध पण असेच लांब लांब ठेवलेत.

खालच्या एका रिव्ह्यूमध्ये कोणीतरी चित्रं नाहीत म्हणून एक स्टार दिलाय. अहो चित्रं नाहीत तेच बरं! चित्र असलं की आमचे साहेब अक्षराकडे बघतच नाहीत, ग-व-त असं फोडतात आणि शेजारच्या चित्राकडे बघून ठोकून देतात "गाय". गोष्टींसाठी स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर प्रथम बुक्सची मराठी पुस्तकं फुकट आहेत, लेव्हलनुसार, ती वाचताना मी चित्रावर हात ठेवते, ओळ वाचून झाली की हात काढते.

आता तक्रारी. ल आणि श सरळ हिंदी वळणाचे आलेत. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श, 2009 च्या शासन निर्णयातही तेच आहे, आणि शाळेच्या पुस्तकात एक आणि बोटाखाली दुसरं असं झालं तर या मुलांना ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. बदलून देतो म्हणाले पण कुरियरचा खर्च आमचा, मग मी हार्डवेअरच्या दुकानातून 220 नंबरचा पॉलिश पेपर आणून दोन्ही घरीच कापून चिकटवले. गंमत म्हणजे तो कागद यांच्यापेक्षा चांगला निघाला, यांचा इतका जाड खरखरीत आहे की जरा जास्त गिरवलं की पोराची बोटं लाल, मग तो टाळायला लागतो. जोडाक्षरं नावापुरती, रफाराची पट्टीच नाही (सूर्य, वर्ग कसे शिकवायचे?), आणि चमच्यातला च आणि चहातला च वेगळा बोलतो याबद्दल पुस्तिकेत चकार शब्द नाही.

शिवाय एक पिवळं प्लास्टिक दिलंय, पानावर ठेवलं की वाचन सुधारतं म्हणे. अशा रंगीत काचा-कागदांना काही ठोस आधार नाही, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनीही 2009 मध्ये हेच लिहिलंय. डिस्लेक्सियाची अडचण मुळात आवाज आणि अक्षर जुळवण्यात असते, पानाच्या रंगाने काय होणार. आमच्याकडे ते ओळ धरायला वापरतो, कडेची पट्टी म्हणून ठीक आहे.

पोराला देऊन आपण मोबाइल घेऊन बसणार असाल तर पैसे वाया, शेजारी कोणीतरी बसावंच लागतं आणि ते रोज, थोडा वेळ का होईना. घेणार असाल तर ऑर्डर टाकायच्या आधी ल आणि श च्या पाट्यांचा फोटो मागवा, रफाराची पट्टी नवीन लॉटमध्ये टाकलीये का तेही विचारून घ्या.