रात्रीचा एक तास: अद्भुत कादंबरी की ऐतिहासिक मालिका?

दहावीचे पेपर संपले तशी भाची म्हणाली, "मामा, रात्री जेवणं झाली की तासभर मोकळा मिळतो. एखादी जाडजूड अद्भुत कादंबरी (फँटसी) वाचायला घेऊ, की सगळे बघतात ती ऐतिहासिक मालिका सुरू करू?" तीनेक वर्षांपूर्वी मीही यातच अडकलो होतो. जीव दोन्हींवर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मालिका ही घरातल्या सगळ्यांची असते. आमच्याकडे इंदूरला साडेआठ वाजले की आई परात बाजूला सारून बसते, शेजारच्या काकू येतात, आणि दरबार भरला की खोलीतलं बोलणं थांबतं. कादंबरी अशी चौघांत मिळून वाचता येत नाही. आमचा मुलगा रोज कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून, म्हणजे होळकरांच्या स्मारकांवरून, शाळेत जायचा. मालिका पाहिल्यावर पहिल्यांदा तिथे थांबला आणि कोणती छत्री कोणाची ते विचारू लागला. हे श्रेय मालिकेचंच.

कादंबरीचा त्रास वेगळा. पहिली शंभर पानं नावं लक्षात ठेवण्यात जातात. काही ग्रंथमाला तर पुऱ्याच होत नाहीत. मी वाचतो त्यातल्या एकीचा पाचवा भाग २०११ साली आला, सहाव्याची वाट अजून बघतोय. हा प्रकार परका वाटतो असं काहीजण म्हणतात, ते मात्र मला पटत नाही. हळब्यांची 'मुक्तामाला' ही कादंबरी १८६१ची. अद्भुतरम्य गोष्टीत रमणं मराठी वाचकाला चांगलंच ठाऊक आहे.

माझा कौल ठरला तो एका गोष्टीवरून: अंतर.

मराठेशाहीवरच्या एका मालिकेत महेश्वरहून स्वार लखोटा घेऊन निघाला. जाहिराती झाल्या, आणि स्वार इंदूरच्या वाड्यात हजर. पागोट्यावर धूळ नाही, शेल्याची घडी मोडलेली नाही. मी त्याच रविवारी जाम घाटातून मोटरसायकलवर आलो होतो. मंडलेश्वर सोडलं की निमाडचा उकाडा पाठीशी लागतो, मग चढण सुरू होते, आणि जाम दरवाजाशी माळव्याचा गार वारा तोंडावर येतो. नर्मदेच्या काठापासून इंदूरपर्यंत चारेकशे मीटरची चढण आहे, वाट नव्वदेक किलोमीटरची. घोड्याला ती कशी गेली असेल? पडद्यावर ती वाटच नव्हती. त्यानंतर मला प्रत्येक मालिकेत तेच दिसू लागलं: पुण्याहून निघालेला माणूस पुढच्याच प्रसंगात उत्तरेत.

यात नुसता भूगोल जात नाही, वाट बघणंही जातं. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ला. नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते, आणि 'दोन मोती गळाले' ही बातमी त्यांना आपल्या माळव्यात, भेलशाला, म्हणजे आजच्या विदिशेला कळली. मध्ये दहाएक दिवस गेले. मुलगा विश्वासराव आणि भाऊसाहेब दोघंही गेलेले, आणि हा बाप त्यांच्याच मदतीला मजल दरमजल करत चाललेला. मला यापेक्षा मोठं नाट्य सुचत नाही. मी पाहिलेल्या मालिकांत मात्र रणातल्या किंकाळीनंतर थेट पेशव्यांचा चेहरा येतो.

आता इंग्रज लेखक टॉल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही तीन खंडांतली कथा घ्या, १९५४-५५ची. जग सगळं कल्पनेतलं. पण त्यांनी आधी नकाशा काढला आणि गोष्ट त्यात बसवली. चंद्राच्या कलांचा हिशोब चुकलेला दिसला तेव्हा लिहिलेलं पुन्हा दुरुस्त केलं. त्यातली माणसं चालतात, थकतात, शिधा पुरवून पुरवून खातात, डोंगर आडवा आला की परत फिरतात. जी जागा कुठेच नाही तिथली वाट माझ्या पायांना कळते, आणि ज्या घाटातून मी दरवर्षी जातो तो पडद्यावर हरवतो.

सगळ्याच मालिका अशा असतील असं मी म्हणणार नाही. ठरावीक भागांत आटोपणाऱ्या मालिका रोज चालणाऱ्यांपेक्षा बऱ्याच नेटक्या असतात. दूरदर्शनवरची १९८८ सालची 'भारत एक खोज' त्रेपन्न भागांची होती आणि मी ती आजही आनंदाने लावतो. घरात आजी-आजोबा असतील आणि त्यांच्यासोबत बसायचं असेल, तर तुम्ही मालिकाच घ्या. मीही आईसाठी साडेआठला बसतोच. पण तो एक तास खरोखर तुमच्या एकट्याचा असेल, तर मी कादंबरीच हातात देईन.

भाचीला पहिला खंड काल दिला. मागच्या बाजूचा घडीचा नकाशा दुमडीवर फाटलाय, चिकटपट्टी लावली आहे. तेवढा जपून उघड म्हटलं, वाचताना दर दहा पानांनी लागेल.