मोठ्या ग्रुपचं ‘सगळं एकाच ॲपवर’: खरेदीला छान, तक्रारीला भयंकर (5 पैकी 2.5 स्टार)

ग्रुपचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण असं ॲप आता बऱ्याच मोठ्या ग्रुपांनी काढलंय आणि मला जे सांगायचंय ते कमीजास्त सगळ्यांनाच लागू आहे. किराणा, औषधं, कपडे, इलेक्ट्रॉनिक्स, तिकिटं, विमा, कर्ज सगळं एकाच लॉगिनवर, आणि एका ठिकाणी मिळालेले पॉइंट दुसरीकडे वापरता येतात.

चांगलं आधी सांगते. ॲप फास्ट आहे, पेमेंट अडकत नाही, डिलिव्हरी सांगितलेल्या वेळेत येते, औषध संपत आलं की आठवण येते आणि पॉइंट खरंच मिळतात. आईला पण मी हेच ॲप लावून दिलंय, तिला पाच पासवर्ड लक्षात ठेवावे लागत नाहीत ही फार मोठी सोय आहे.

आता खरा मुद्दा. वॉशिंग मशीन घेतलं. दुकान त्याच ग्रुपचं, हप्ते त्याच ग्रुपच्या फायनान्स कंपनीचे, वर एक्स्टेंडेड वॉरंटी त्याच ग्रुपच्या विमा कंपनीची, आणि तिन्ही एकाच बटणावर, एकाच लोगोखाली. मशीन आलं ते स्पिनला लागलं की धडधडत जागेवरून सरकायचं, टेक्निशियन बघून म्हणाला ड्रमच वाकडा आहे, परत पाठवलं, दुकानाने काही खळखळ न करता घेतलं पण, ॲपवर हिरव्या अक्षरात ‘रिटर्न पूर्ण’ असं आलं. पुढच्या महिन्यात हप्ता कापला गेला. घरात नसलेल्या मशीनचा! फायनान्सवाल्यांना फोन केला तर ‘मॅडम, मर्चंटकडून आम्हाला कॅन्सलेशन आलेलं नाही’, ॲपवाल्यांना केला तर ‘आमच्याकडून क्लोज झालंय, लोनचं तुम्ही लेंडरशी बोला’, आणि वॉरंटीचे पैसे मागितले तर ती पॉलिसी वेगळी रद्द करायची, तिचा फॉर्म वेगळा, आणि त्या फॉर्ममध्ये मशीनच्या मागचा सिरियल नंबर हवा, जे मशीन परत गेलंय. अहो मर्चंट कोण आणि लेंडर कोण, दोघं एकाच ग्रुपचे ना? हे मी चॅटवर विचारलं तर उत्तर आलं की त्या ‘सेपरेट लीगल एंटिटी’ आहेत. त्या मुलावर माझा राग नाही, त्याला दुसऱ्या कंपनीची स्क्रीन दिसतच नसणार.

आणि कायद्याने तो बरोबरच बोलला. ग्रुप म्हणजे वर एक होल्डिंग कंपनी (बाकीच्यांचे शेअर धरून बसलेली मालक कंपनी) आणि खाली प्रत्येक धंद्याची वेगळी कंपनी, एकीची देणी सहसा दुसरीच्या अंगावर येत नाहीत, रचनाच तशी असते. पण मग अकाउंट उघडताना माझी माहिती ‘ग्रुप कंपन्या, सहयोगी कंपन्या आणि पार्टनर’ या सगळ्यांना द्यायला एकच टिक कशी चालते? मी मशीन परत केलं हे फायनान्स कंपनीला महिनाभर कळत नाही, पण मी मशीन नुसतं सर्च केलं हे त्याच कंपनीच्या मार्केटिंगला लगेच कळतं आणि कर्जाचा मेसेज येतो. माहिती घेताना एकत्र कुटुंब आणि पैसे परत द्यायची वेळ आली की वेगळ्या चुली, हे मला अजिबात पटलेलं नाही. एकत्र येणं जमत नाही असं नाही, गरज पडली की जमतं. दक्षिण कोरियात 1997 च्या आर्थिक संकटाआधी मोठ्या ग्रुपांच्या कंपन्या एकमेकींच्या कर्जाला सर्रास जामीन राहायच्या, म्हणजे बँकेसमोर सगळ्या एक, मग ग्राहकासमोर का नाही?

माहिती एकत्र करण्याचं पण तसंच. फेसबुकने 2014 मध्ये व्हॉट्सॲप घेतलं तेव्हा असे व्यवहार तपासणाऱ्या युरोपियन कमिशनला सांगितलं होतं की दोन्हीकडची अकाउंट खात्रीने आपोआप जुळवता येणार नाहीत. 2016 मध्ये तेच करायची तयारी जाहीर केली, आणि 2017 मध्ये दिशाभूल करणारी माहिती दिल्याबद्दल 11 कोटी युरो दंड बसला. दंड झाला पण व्हॉट्सॲप फेसबुककडेच राहिलं.

सर्चचं पण सांगायलाच हवं. काहीही शोधा, वरती ग्रुपचा स्वतःचा ब्रँड. मला हवा होता तो छोट्या कंपनीचा पाण्याचा फिल्टर मी पूर्ण नाव टाकल्यावरच दिसला. माल वाईट नसतो, पण बाकीच्यांचा माल विकून कुठला जास्त खपतो हे ज्याला रोज दिसतं त्यानेच तसाच माल काढून वरच्या ओळीत ठेवायचा, मग छोट्या उत्पादकाने काय करायचं? याच प्रकारासाठी, म्हणजे सर्चमध्ये स्वतःची शॉपिंग सेवा वर दाखवल्याबद्दल, गुगलला युरोपात 2017 मध्ये 242 कोटी युरो दंड झाला आणि 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने तो कायम केला. ॲमेझॉनला पण 2022 मध्ये तिथे लिहून द्यावं लागलं की इतर विक्रेत्यांचा खासगी डेटा स्वतःच्या विक्रीसाठी वापरणार नाही.

मोठे ग्रुप नकोतच असं मी म्हणत नाही. सॅमसंगने 1974 मध्ये डबघाईला आलेली सेमीकंडक्टर (म्हणजे चिप बनवणारी) कंपनी घेतली, 1983 मध्ये मेमरी चिपमध्ये उतरले, नंतर काही वर्षं तोटा सोसला, आणि तो सोसता आला कारण बाकीच्या धंद्यांचा पैसा पाठीशी होता. एकट्या छोट्या कंपनीला हे झेपलंच नसतं. पण हाच पैसा तोट्यात माल विकून शेजारचं दुकान बंद पाडायला पण वापरता येतो, आणि तेव्हा तो कोणाच्या भल्याचा नसतो.

एक भीती मात्र या ॲपने कायमची घातलीय. हप्त्याचा वाद चालू असताना अकाउंट ‘रिव्ह्यू’मध्ये टाकलं, आणि सोबत वॉलेट, आईची औषधांची ऑर्डर, तिकिटं सगळं लॉक. वाद एका मशीनचा आणि बंद पूर्ण घर. दक्षिण कोरियात ऑक्टोबर 2022 मध्ये पांग्यो गावातल्या एका डेटा सेंटरला आग लागली तर काकाओ या तिथल्या मोठ्या ॲप कंपनीचे मेसेज, टॅक्सी, पेमेंट सगळं एकदम बंद पडलं होतं, आणि सगळं पूर्ववत व्हायला काही दिवस लागले. तेव्हा लोकांना कळलं की आपण किती गोष्टी एकाच कंपनीच्या हवाली केल्यात.

माझे हप्ते शेवटी परत आले, तेही ग्रुपच्या तक्रार अधिकाऱ्याला तिन्ही कंपन्यांचे स्क्रीनशॉट एकाच मेलमध्ये पाठवल्यावर. वॉरंटीचं अजून चालूच आहे.

घ्यायचं असेल तर घ्या, पण माल ॲपवरून घेतला तर कर्ज आणि वॉरंटी दुसरीकडून घ्या. प्रायव्हसी सेटिंगमध्ये खाली ‘ग्रुप कंपन्यांशी माहिती शेअर करा’ हे आधीच चालू असतं ते बंद करा, ॲप तरी नीट चालतं, मी बघितलंय. रोजची औषधं दुसऱ्या ॲपवर पण मागवता येतील अशी सोय ठेवा. आणि अकाउंट बंद करणार असाल तर पॉइंट आधी वापरून टाका, बंद केल्यावर ते जातात आणि त्याबद्दल ऐकून घ्यायला तिन्हीपैकी एकही कंपनी तयार नसते.