हॅलोजन काढून एलईडी लावले: भरतकाम करणारीचा अनुभव

कामाच्या टेबलावरचे आणि बैठकीच्या छतातले ५० वॅटचे हॅलोजन स्पॉट काढून मी त्या जागी ७ वॅटचे एलईडी लावले. जीयू१० पिनचे (घालून फिरवून बसवायच्या दोन पिनांचे), २७०० केल्विनचे म्हणजे पिवळसर ऊबदार उजेडाचे, आणि सीआरआय ९०च्या वरचे. सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, जास्तीत जास्त १००. मी या बल्बांवर बेहद्द खूश आहे. मात्र नुसते वॅट बघून घेतले असते, तर इतकी खूश झाले नसते.

मी भरतकाम करते, त्यामुळे माझी खरी परीक्षा दोऱ्यांची. हॅलोजन म्हणजे तापलेल्या तारेचा उजेड, त्यात लाल रंग भरपूर आणि सीआरआय जवळपास १००. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा उजेड देणारी चिप असते. तिच्यावरच्या फॉस्फरच्या थरामुळे तो उजेड पांढरा होतो, आणि साध्या बल्बात नेमका लाल रंगच कमी पडतो. सीआरआय ८०च्या बल्बाखाली मी मरून आणि गडद तपकिरी लडी शेजारी शेजारी धरल्या, तर दोन्ही एकाच रंगाच्या वाटल्या. लाल रेशीम तर धुऊन विटल्यासारखं दिसत होतं. ९०च्या बल्बाखाली त्याच लडी धरल्या आणि मरूनमधली लाली लगेच उठून दिसली. खोक्यावर आर९ हा आकडा दिला असेल तर तोही बघा. गडद लाल रंग किती खरा दिसतो ते तो सांगतो आणि सीआरआयच्या सरासरीत तो धरला जात नाही.

दुसरं सुख उष्णतेचं. हॅलोजनखाली मान घालून बसलं की टाळू तापायची. आता तासन् तास बसले तरी काही जाणवत नाही.

उजेडाचा कोनही महत्त्वाचा. हॅलोजनच्या स्पॉटसारखा ३६ अंशांचा एलईडी घेतला तर उजेड टेबलावरच पडतो. १२० अंशांचा घेतला तर तो खोलीभर पसरतो, डोळ्यांत खुपतो आणि सुईचं नाक काही दिसत नाही.

झोपण्याच्या खोलीत मात्र काम वाढलं. तिथे १२ व्होल्टचे, दोन सरळ पिनांचे एमआर१६ प्रकारचे हॅलोजन होते आणि छतात त्यांचा ट्रान्सफॉर्मर. एलईडी लावले तर लुकलुकायला लागले. बल्बात दोष नव्हता. हॅलोजनसाठीच्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला नीट चालायला ठरावीक किमान भार लागतो आणि एलईडी इतकी कमी वीज घेतात की तो भरत नाही. इलेक्ट्रिशियनने ट्रान्सफॉर्मर काढून १२ व्होल्टचा एलईडी ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा डबा, बसवला आणि लुकलुक थांबली. तुमच्याकडे असे दिवे असतील तर ड्रायव्हरचा खर्च आधीच धरून चला.

डिमरचंही तसंच. जुना डिमर मोठ्या भारासाठी असतो, त्यावर एलईडी गुणगुणतात किंवा अर्ध्यावर येऊन एकदम विझतात. बल्ब डिम होणारा हवा, आणि डिमरही एलईडीला चालणारा, ट्रेलिंग एज प्रकारचा घ्यावा. एका गोष्टीची मात्र मला अजून चुटपुट लागते. हॅलोजन मंद केला की उजेड तांबूस, ऊबदार होत जायचा. माझे एलईडी मंद होतात, पण रंग आहे तोच राहतो. वॉर्म डिम नावाचे बल्ब यासाठीच मिळतात, बैठकीत पुढे तेच लावणार आहे.

आरशावरचे जी९ पिनचे छोटे हॅलोजन मी तूर्त तसेच ठेवलेत. तिथल्या काचेच्या बंद गोळ्यात हवा खेळत नाही. एलईडीच्या आतले इलेक्ट्रॉनिक भाग तापले की त्याचं आयुष्य घटतं, शिवाय जी९चा एलईडी बहुधा हॅलोजनपेक्षा जाडजूड असतो. गोळ्याचं माप घेऊन, बंद दिव्यात चालेल असं खोक्यावर लिहिलेला बल्ब मिळाला तरच तिथला बदलेन.